पाणी कमी द्या, खरं कधी देणार तेवढं सांगा

शहराला पाणी सोडणाऱ्या सगळ्या लहानमोठ्या साहेबांना, बेळगावच्या वडगाव भागातल्या एका नळधारकाचा नमस्कार.

साहेब, गेल्या सोमवारी दुपारी आमच्या गल्लीत स्पीकर लावलेली रिक्षा फिरून गेली. मी मागावर बसलो होतो, खडखडाटात काय कळंना म्हणून माग बंद करून दारात आलो तोवर रिक्षा कोपऱ्यावर पोचली. जेवढं कानावर पडलं ते असं की धरणातलं पाणी खाली गेलंय, गाड्या धुऊ नका, अंगणात पाणी मारू नका, झाडांना पिण्याचं पाणी घालू नका, काटकसर करा नाहीतर दंड होईल. कन्नडमध्ये होतं सगळं. मला कन्नड येतं, शेजारी निम्मे कन्नडच आहेत, आमची भांडणं आणि उसनवारी दोन्ही कन्नडात चालतात, त्याचं काय नाही. खरं माझी आई ७८ वर्षांची, तिला तेवढं भराभरा बोललेलं समजत नाही. ती आतून विचारते, "काय म्हणून सांगितलं रं? पाणी कधी येणार म्हणून सांगितलं?"

नेमकं तेवढंच सांगितलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. अर्ज दोनदा दिलाय, त्याची पोच घरात फ्रिजवर चिकटवलेली आहे. आता उघड्यावर लिहितो, चार लोक वाचतील, त्यातलं कोणतरी तुमच्या ओळखीचं असेल.

आधी एक सांगतो, मी काटकसरीच्या विरोधात नाही. आमच्या घरात येऊन बघा. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना पहिल्यांदा लावायला, भांड्यांचं शेवटचं पाणी कढीपत्त्याला, धुण्याचं तिसरं पाणी संडासात. अंघोळ एका बादलीत, पोरगी केस धुते त्या दिवशी दीड, आणि त्या वरच्या अर्ध्या बादलीवरून सकाळी सकाळी घरात वाद. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की सूत सारखं तुटतं, म्हणून मागाखाली ओलं पोतं टाकावं लागतं, ते पोतं सुद्धा आम्ही न्हाणीतल्या उरलेल्या पाण्यात भिजवतो. गाडी म्हणाल तर एक जुनी स्प्लेंडर, ती दसऱ्याला धुतलेली आहे. दंड करायला आलात तर काय सापडणार तुम्हाला आमच्यात?

आता हिशोब बघा. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी पाहिजे हे सरकारचंच माप, आमचं नाही. घरात आम्ही सहा जण, म्हणजे ८१० लिटर. आमच्या गल्लीत यंदा मे महिन्यात पाणी येतं आठ दिवसांनी, कधी नऊ. म्हणजे एकदा आलं की साडेसहा हजार लिटर भरून ठेवायला पाहिजे. आमच्याकडे वर एक हजाराची सिंटेक्स, परसात २०० चे दोन बॅरल, आणि बाकी घागरी, बिंदग्या, बादल्या, आई तर इडलीचं भांडं पण भरून ठेवते, सगळं धरून १५०० च्या वर जात नाही. ते आठ दिवसांत आणि सहा माणसांत भागा, माणशी ३१ लिटर पडतं. ज्याच्या घराखाली मोठा संप, म्हणजे जमिनीतली टाकी, आहे त्याला हे आठ दिवस कधी गेले ते कळतसुद्धा नाही, त्याचा नळ रोज चालू. आणि रिक्षा दोघांच्या दारात एकच टेप वाजवून जाते.

खरं मी म्हणतो, ३१ तर ३१. त्यात पण भागवतोय की आम्ही. त्रास कमी पाण्याचा नाही साहेब, त्रास न कळण्याचा आहे.

मागच्या पाळीचंच सांगतो. सातव्या दिवशी कोणतरी म्हणालं उद्या नक्की. उद्या दिवसभर वाट बघितली. रात्री ११ वाजता बातमी आली की पंपिंगला लाइट गेली, आता परवा. परवा सकाळी भावानं कामावर अर्धी सुट्टी टाकली, बायकोनं कांड्या भरायचं सोडून नळाजवळ पाट टाकला. दुपारी १२ पर्यंत नळातून नुसती हवा, सूं सूं करून. शेवटी पाणी आलं पहाटे ३ ला, ते कळलं पण आईला, तिची झोप हलकी आहे म्हणून. पाऊण तास होतं. त्यातली पहिली दहा मिनिटं चहासारखं लाल पाणी, ते सोडून द्यायचं. एवढ्यात माझा माग तीन वेळा अर्धा अर्धा दिवस बंद राहिला. आमची मजुरी साडीवर असते, महिन्याचा पगार नाही, माग थांबला की पैसा थांबला.

शेजारच्या वैनी एकट्या राहतात, चार घरी भांडी घासायला जातात. त्या कामावर असताना पाणी येऊन गेलं की त्यांचे आठ दिवस गेले. आम्ही देतो त्यांना दोन घागरी, त्या पण कधी देतात, खरं मागताना त्यांचं तोंड बघवत नाही.

आणि वेळ न सांगितल्यामुळं पाणी वाया जातं, हे तुम्हाला कोणी सांगितलंय की नाही माहीत नाही. निम्मी गल्ली रात्री नळाची तोटी उघडी ठेवूनच झोपते, आलं की आवाजानं जाग येईल म्हणून. जाग आली नाही तर बॅरल भरून गटारात. दुसरं म्हणजे पुढचं पाणी कधी येणार याचा भरवसा नसतो म्हणून माणूस साठवतो, आणि नवं पाणी आलं की जुनं शिळं झालं म्हणून ओतून देतो. मी पण ओतलंय, खोटं कशाला बोलू. तिसरं, पाऊण तासात सगळं भरायचं म्हणून जो तो नळाला डायरेक्ट मोटर लावतो. पहिल्या चार घरांनी मोटर लावली की गल्लीच्या शेवटच्या घराला थेंब नाही, आणि रिकामा झालेला पाइप बाजूच्या गटारातलं पण ओढून घेतो, मग पोरांना जुलाब. पाण्याची वेळ पक्की असती तर हे निम्मं तरी थांबलं असतं.

व्हॉल्वमनला मी दोष देत नाही. तो बिचारा लांब चावी सायकलला बांधून फिरतो, त्याच्या हातात फक्त चावी आहे, पाणी नाही. गल्लीतली सगळी त्यालाच बोलतात. त्यालाच आदल्या रात्रीपर्यंत माहीत नसतं की सकाळी कुठला व्हॉल्व फिरवायचा.

आता गळतीचं. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, मोठ्या रस्त्याच्या कडेला मेन लाइनचा व्हॉल्व आहे. तिथं गेला सव्वा महिना पाणी वाहतंय, आमच्या नळाला असो नसो, तिथं रात्रंदिवस. एक दिवस मी १५ लिटरची बादली घेऊन गेलो आणि मोबाइलवर वेळ लावली. ४० सेकंदात भरली. दोनदा भरून बघितली, तेवढीच. हिशोब करा, मिनिटाला साडेबावीस लिटर, दिवसाला ३२,४०० लिटर. १३५ नं भागलं तर बरोबर २४० माणसांचं पाणी. म्हणजे आमच्या गल्लीसारखी अख्खी गल्ली त्या एका व्हॉल्वमधून गटारात जाते. आणि आम्हाला सांगायचं की अंगणात पाणी मारू नका. हे बघून वाईट वाटलं नाही, हसू आलं.

बेंगळुरूला २०२४ च्या मार्चमध्ये पाण्याची बोंब झाली तेव्हा तिथं गाडी धुणं, बाग, बांधकाम, कारंजं यासाठी पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड लावला, परत सापडला तर रोजचे ५०० वेगळे. कोणाला पटलं, कोणाला नाही पटलं, खरं काय चालतं आणि काय चालत नाही ते कागदावर लिहिलेलं तरी होतं. आमच्याकडे रिक्षा बोलून गेली. आणि त्याच आठवड्यात मुख्य रस्त्यावरची वॉशिंग सेंटरं सुरू, नव्या बिल्डिंगच्या स्लॅबवर दिवसातून दोनदा पाइपनं पाणी. ते बोअरचं आहे म्हणतात. असेल. तुम्ही जाऊन बघितलंत का? बोअरचं असलं तरी खालचं पाणी काय वेगळ्या गावाहून येतं का, आमच्या परसातल्या आडाचंच ते.

धरणात पाणी नाही हे आम्हाला समजत नाही असं नाही. २०२३ चा जून आठवतो, पाऊस येईना, सगळे गावाला पाणी देणाऱ्या राकसकोप तलावाकडे डोळे लावून बसलेले, आणि त्या सप्टेंबरात सरकारनं पहिल्या यादीतच १९५ तालुके दुष्काळी जाहीर केले. खरं हेच गाव ऑगस्ट २०१९ मध्ये पाण्यात होतं, बळ्ळारी नाला शिवारात शिरला, भात कुजलं. वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं गाव आहे हे, मराठवाड्यातल्या पाहुण्यांना आमची पाण्याची तक्रार सांगितली की ते चेष्टा समजतात. जुलैत राकसकोपची पातळी २४७५ फुटाला लागली की दरवाजे उघडून पाणी मार्कंडेय नदीला सोडायचं आणि मे महिन्यात त्याच तलावाचा तळ दिसायचा. साठच्या दशकातला तलाव, गाव तेव्हा केवढं होतं आणि आता केवढं. गाळ किती साठलाय ते उन्हाळ्यात तलाव उघडा पडल्यावर कोणालाही दिसतं, काढायची वेळ पण तीच असते.

आणि राकसकोप आटला तरी हिडकल आहे की. घटप्रभा नदीवरचं ५१ टीएमसीचं धरण, एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी. मी फक्त बारावी शिकलोय, तरी पोरीला घेऊन एक गणित केलं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार होती. वाढून ६ लाख धरा, प्रत्येकाला १३५ लिटर धरा, वर्षभराचं पाणी होतं साधारण एक टीएमसी. एकच. बाकीचं पाणी शेतीला जातं, जाऊ दे, शेतकऱ्याच्या तोंडचं काढून आम्हाला द्या म्हणत नाही, आमचे पण पाहुणे शेतकरीच आहेत. खरं ५१ मधलं एक टीएमसी सुद्धा मे महिन्यात गावापर्यंत धड पोचत नसेल तर त्याला दुष्काळ म्हणायचं की पंप, पाइप आणि नियोजन? हिडकल लांब आहे, पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून आणावं लागतं, मधे एका ठिकाणी लाइट गेली की शहराचं दोन दिवसांचं वेळापत्रक बिघडतं, हे आम्हाला पण कळतं आता, इतक्या वेळा ऐकलंय. मग पंपिंगला दुसरी लाइन, जनरेटर, काहीतरी सोय एवढ्या वर्षांत व्हायला नको होती? त्याच हिडकलचं पाणी धारवाडच्या इंडस्ट्रीला न्यायच्या योजनेवरून २०२५ मध्ये गावात आंदोलनं झाली. तेव्हा पाणी शिल्लक आहे म्हणून सांगायचं आणि आम्ही विचारलं की धरणात नाही म्हणून सांगायचं, दोन्ही एकदम कसं खरं असेल?

कर्नाटकच्या आमदारांचं अधिवेशन आमच्या गावात डिसेंबरात भरतं हे आमचं नशीब खोटं. मे महिन्यात इथल्या सुवर्णसौधला, म्हणजे विधानभवनात, भरत असतं तर दोन आठवडे तरी गावाला वेळेवर पाणी मिळालं असतं.

आणखी एक गोष्ट मनात सलते. २००८ पासून शहराच्या ५८ पैकी १० वॉर्डांत २४ तास पाणी आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं झालं ते, देशभरातून लोक बघायला आले, आम्हाला पण अभिमान वाटला. त्यांचं कमी करून आम्हाला द्या म्हणत नाही. उलट तिथं मीटर फिरतं म्हणून माणसं तोटी बंद करतात, आणि आम्ही आलंय तोवर भरून घे म्हणून उघडी ठेवतो, म्हणजे २४ तासवालाच जास्त जपून वापरतो. तेव्हा वाटलं होतं दोन-चार वर्षांत आमच्याकडे पण येणार. पोरगी तेव्हा पाळण्यात होती, आता कॉलेजला जाते. मधे आमची गल्ली पाइपसाठी खणली, निळे पाइप घातले, वर माती टाकून गेले, पावसाळाभर आम्ही चिखलात. नवीन नळावर मीटर पण बसवलंय. त्यात अजून एक थेंब फिरलेला नाही, पोरं त्यावर पाय ठेवून चढतात.

बिल मात्र चुकत नाही. आठ दिवसांनी पाऊण तास पाणी, बिल महिन्याला महिना. वर यंदा उन्हाळ्यात दोनदा टँकर घेतला, ८०० रुपये एकाला, शेजारी मिळून. बिलात ते कुठं कापून मिळतंय?

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात सोपं काम, विहिरी. या गावाला पाणी जमिनीत ठेवायचं माहीत होतं. तांबडी जांभ्याची जमीन, पाऊस आत मुरतो, म्हणून जुन्या प्रत्येक वाड्याला आड. १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खणली, ती काँग्रेस विहीर अजून आहे. १९९५ च्या टंचाईत अशाच जुन्या विहिरी उपसून, साफ करून वापरात आणल्या होत्या, हे आमच्या वडिलांच्या तोंडून कितीदा तरी ऐकलंय. मग परत काय झालं? नळ आला, विहिरी विसरल्या. आमच्या भागातल्या एका सार्वजनिक विहिरीत आज निर्माल्य, प्लास्टिक आणि गेल्या वर्षीच्या मूर्तींच्या काठ्या आहेत. त्यात आमची पण चूक आहे, निर्माल्य काय साहेब लोक टाकायला आले नव्हते. आमच्या परसातला आड मी स्वतः गेल्या वर्षी उपसला, चार माणसं लावून. खाली दोन पुरुष खोल पाणी लागलं. खरं शेजारून ड्रेनेज जातंय, त्याला वास येतो, प्यायला घेता येत नाही. संडासाला आणि धुण्याला चालतं, तेवढ्यावर आमचे ३१ लिटर टिकतात, नाहीतर कधीच मेलो असतो.

तर आता काय पाहिजे ते स्पष्ट लिहितो, म्हणजे पुढं कोण म्हणायला नको की नुसती ओरड केली.

१. गल्लीवार वेळापत्रक. तारीख आणि वेळ, दोन तास इकडंतिकडं चालतील, दोन दिवस नाही. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आणि गल्लीच्या फळ्यावर कागद, कन्नड आणि मराठी दोन्हीत. बिघाड झाला तर झाला म्हणून सांगा, पुढची वेळ लगेच द्या. आठ दिवसांनी देणार असाल तर आठ म्हणा. बाकीचं काही नाही झालं तरी हे एवढं करा, याला पैसे लागत नाहीत.

२. पहाटे ३ ला पाणी सोडणं बंद करा. सकाळी ५ ते रात्री १० मधे कधीही चालेल.

३. गळती कळवायला एक नंबर, जो उचलला जाईल. कळवल्यापासून ४८ तासांत दुरुस्ती. नाही झाली तर का नाही ते सांगा.

४. बंदी घालायची तर लेखी घाला आणि वरून सुरुवात करा. वॉशिंग सेंटर, स्विमिंग पूल, मोठी बांधकामं, ऑफिसांच्या हिरवळी, यांची तपासणी आधी. मग या आमच्या गल्लीत, पहिला दंड मी भरतो.

५. नळाला डायरेक्ट लावलेल्या मोटरी काढा. माझी पण आहे, ती पण न्या. खरं सगळ्या गल्लीच्या एकाच दिवशी न्या, माझी एकट्याची नेऊन चालणार नाही.

६. सार्वजनिक विहिरींची यादी करा, पावसाच्या आधी उपसा, पाणी तपासून वर बोर्ड लावा, पिण्याचं की वापरायचं. आम्ही गल्लीतले तरुण श्रमदानाला येतो, गणपती मंडळाची पोरं आहेत, फक्त पंप आणि गाळ न्यायला ट्रॅक्टर द्या. आडाशेजारचं ड्रेनेज दुरुस्त करा.

७. ज्या महिन्यात ठरलेल्या पाळ्या चुकल्या त्या महिन्याचं बिल कमी करा.

निवडून दिलेल्या आमच्या माणसांना पण हेच, वेगळं पत्र लिहीत नाही. सीमेचा प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, आमचा जन्म त्यातच गेला, खरं नळ कुठल्याही राज्यात असो, तोटी फिरवल्यावर पाणी यायला पाहिजे. यात मराठी-कन्नड काढू नका. आमच्या गल्लीच्या रांगेत दोन्ही घागरी एकमेकीला लागून असतात आणि दोन्ही रिकाम्या.

उत्तराची वाट बघतो. फोन केलात तरी चालेल, अर्जावर नंबर आहे.

आपला,
वडगावचा एक नळधारक आणि विणकर

ता. क. वर लिहिलेल्या त्या व्हॉल्वच्या गळतीला आता सकाळी रांग लागते. कोणीतरी तिथं पाइपचा तुकडा बसवलाय, घागर नीट खाली बसावी म्हणून दगड पण लावलेत. आमच्या वैनी पण तिथूनच नेतात. तेव्हा दुरुस्तीला याल तेव्हा आदल्या दिवशी सांगून या, सात-आठ घरं त्यावर चाललीत.